पॅरिसची गायिका, बामाकोची सिया

पॅरिसमध्ये फातुमाता दियावारा हे नाव निघालं की लोकांना आधी तिची गिटार आठवते. इलेक्ट्रिक गिटार, केसांत कवड्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बंबारा भाषेतली गाणी. भाषेतलं अक्षर कळत नसलं तरी सभागृहातले फ्रेंच लोक उठून नाचतात. मीही तिला एवढंच ओळखत होते.

मी राहते ते मोंत्रय पॅरिसला पूर्वेकडून चिकटलेलं आहे. माली या देशातून आलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यातल्याच एका बाईंच्या खानावळीत मी अधूनमधून मफे खायला जाते. मफे म्हणजे जवळजवळ आपली दाण्याची आमटीच, फक्त दाट आणि मटण घातलेली, भातावर ओतून खायची. मालकीणबाईंना सगळे तांती म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एकदा तिथे फातुमाताचं गाणं लागलं होतं. ही गायिका मला आवडते, असं मी म्हणाले, तर तांतींनी हातातला डाव खाली ठेवला. "गायिका काय? ती आमची सिया!"

'सिया, द ड्रीम ऑफ द पायथन' हा दानी कुयाते यांचा २००१ चा चित्रपट. पश्चिम आफ्रिकेतल्या वागादू या जुन्या राज्याच्या दंतकथेवर तो बेतलेला आहे. राज्याची भरभराट टिकावी म्हणून नागदेवाला कुमारिकेचा बळी द्यायचा. यावेळी नाव निघतं सियाचं, आणि सिया पळून जाते. ही भूमिका फातुमाताने केली. माली, गिनी, सेनेगल, बुर्किना फासो, सगळीकडे तिचं हेच नाव पडलं.

त्याआधीची हकिगतही चित्रपटात शोभेल अशी. जन्म १९८२ चा, आयव्हरी कोस्टमध्ये, पण आईवडील मालीचे. मुलगी शाळेत जायला तयार नाही म्हणून तिला मालीच्या राजधानीत, बामाकोला, मावशीकडे पाठवलं. मावशी अभिनेत्री! (शिस्त लागावी म्हणून पोरीला नटीच्या घरी ठेवणारे पालक मला फार आवडले.) मावशीचं तान्हं मूल सांभाळत ती सेटवर बसायची. तिथे दिग्दर्शकाची नजर गेली आणि 'ताफे फांगा' या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात तिला एक वाक्य मिळालं. मग १९९९ मध्ये शेख उमर सिसोको यांचा 'ला जेनेझ', पॅरिसला येऊन रंगमंचावर ग्रीक शोकांतिकेतली अँटिगनी, आणि त्यानंतर सिया.

सिया गाजली आणि घरच्यांनी ठरवलं की आता पुरे, लग्न करून टाकू. मालीच्या टीव्हीवर तिला स्वतःच्या तोंडाने जाहीर करायला लावलं की मी अभिनय सोडते आहे. २००२ मध्ये रॉयल द लुक्स या फ्रेंच नाटकमंडळीचे दिग्दर्शक बामाकोला आले आणि त्यांनी तिला काम देऊ केलं. घरून नकार. तिथल्या रीतीप्रमाणे अविवाहित मुलीने स्वतःच्या मर्जीने परदेशी जायचं नसतं. ती घरातून निघाली ती थेट विमानतळावर. मुलीला पळवून नेल्याची वर्दी पोलिसांत गेली होती, ते मागावर होते, आणि ती विमानात चढली. पडद्यावर पळालेल्या मुलीने वर्षभरात खरोखर पळून दाखवलं.

गाणं आलं ते यानंतर. मंडळीबरोबर युरोप, मेक्सिको, व्हिएतनाम असे दौरे चालू असताना ती विंगेत स्वतःशीच गुणगुणायची. दिग्दर्शकाच्या कानावर ते पडलं आणि ती प्रयोगातच एकटी गाऊ लागली. बालगंधर्वांचं नाव ऐकत वाढलेल्या आपल्याला नाटकातून गाणं फुटणं नवं नाही. पुढे पॅरिसचे कॅफे, मालीचे संगीतकार शेख तिजान सेक यांच्या ओळखीने तिथल्याच प्रसिद्ध गायिका ऊमू सांगारे यांच्या मागे कोरस, मग स्वतः गिटार. 'फातू' हा पहिला अल्बम २०११ चा. त्यात 'बोलोको' हे गाणं मुलींच्या सुंतेविरुद्ध आहे, आणि 'सोवा' हे दुसऱ्यांच्या घरी वाढायला दिलेल्या मुलांवर. हे तिला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. २०१८ च्या 'फेन्फो'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, ते इथल्या वर्तमानपत्रांत आलं.

माझ्या मते तिच्यातली नटी आणि गायिका एकत्र भेटतात त्या अब्देरहमान सिसाको यांच्या 'तिंबुक्तू'त (२०१४). २०१२ मध्ये उत्तर मालीवर जिहादी गटांनी कब्जा केला आणि संगीतावर बंदी घातली, त्याची ही गोष्ट. चित्रीकरण मॉरिटानियात करावं लागलं. रात्री घरात गाणाऱ्या बाईला चाळीस फटक्यांची शिक्षा होते. फटके पडत असतात, ती रडते, आणि रडता रडताच गाऊ लागते. हे नुसत्या नटीला जमलं नसतं, नुसत्या गायिकेलाही नाही. चित्रपटाला सेझार हे फ्रेंच चित्रपट पुरस्कार सात मिळाले, ऑस्करचं नामांकनही.

तिकडून पाहणार असाल तर सिया आधी बघा, तिंबुक्तू नंतर, आणि 'फातू' अल्बम दोन्हींच्या मध्ये ऐका. प्रिंट कशीही मिळाली तरी चालेल, सबटायटल्स मात्र हवीतच.