थंडीत सायकलने नांदूरमधमेश्वर: हात सांभाळा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात सायकलने जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. स्थलांतरित पक्षी तेव्हा असतात आणि सकाळी लवकर पोचलं तर भरपूर दिसतात. पण हा रस्ता निफाड तालुक्यातला. राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी पुष्कळदा तिथूनच येते. द्राक्षं वाचवायला शेतकरी पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात.

आम्ही नाशिकहून अंधारात छत्रपती संभाजीनगर रस्त्याला लागलो तेव्हा पारा ८ अंशांच्या आसपास होता. ओढा गावापर्यंत मजेत गेलो. चांदोरीहून सायखेड्याकडे वळल्यावर गोदावरीकाठच्या सखल भागात मात्र गारठा एकदम वाढला. थंड हवा जड असते, ती तिथे साचून राहते. त्यात ताशी २५ किलोमीटरचा वेग धरला की ८ अंश ४ अंशांसारखे बोचतात. पाय फिरत असतात, हात मात्र वाऱ्याच्या तोंडाशी नुसते धरलेले.

म्हणून जाड लोकरी हातमोज्यांवर विसंबू नका, त्यांच्या विणीतून वारा थेट आत येतो. आत पातळ लोकरी आणि वरून वारा अडवणारे, असे दोन जोड हवेत. वरचा जोड एक माप मोठा घ्या. घट्ट मोज्यांत रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. घाम येईल म्हणून आतला एक कोरडा जोड पिशवीत असू द्या.

माझ्या मते त्याहून महत्त्वाची छाती. अंग गारठलं की शरीर आधी बोटांचाच रक्तपुरवठा कमी करतं. विंडचीटर नसेल तर स्वेटरखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, ती खरंच काम करते. कानटोपी आणि मनगट झाकणाऱ्या बाह्याही हव्यातच.

बोटं बधिर व्हायला लागली तर थांबा. ब्रेक किती दाबला हेच कळत नाही, आणि या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. हात खांद्यापासून जोरात गोल फिरवा, मग काखेत धरा. रस्त्याकडेची शेकोटी बोलावते, पण बधिर बोटं जाळाजवळ नेऊ नका, चटका बसलेला समजत नाही. सायखेड्यात चहा घ्या, पेला दोन्ही हातांत धरून. बोटं पांढरी पडून पूर्ववत होतच नसतील, तर तिथूनच परत फिरा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुर्बीण हाताळताना वरचाच जोड काढा. पाण्याच्या काठावर वारा असतोच.