हर्णैला तिघंच

डिसेंबरात शेवटी गेलोच हर्णैला. तीन वर्षं टाळत होतो. बायको गेल्यानंतर तिच्या मावशीच्या घरी तिच्याशिवाय जायचं म्हणजे दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं इथूनच गाडी अडायची. पण थोरला नऊचा झाला, धाकटी पाचाची, आणि धाकटीने समुद्र बघितलेला फक्त मोबाईलवर, मग म्हटलं बास झालं आता.

पहाटे पाचला पुण्याहून निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, मग आंबेत, मंडणगड. थोरल्याला घाट लागतो. हे आईकडून आलंय, तीसुद्धा माणगाव येईपर्यंत आलेपाकाची वडी गालात धरून डोळे मिटून बसायची. वारसाहक्काने मिळालं काय तर उलटी! दोनदा थांबलो.

आता एक कबूल करतो, मी या पोरांमध्ये तिला शोधत असतो. सतत. थोरला चिडला की त्याची डावी भुवई तेवढी वर जाते, उजवी जागची हलत नाही, आणि मी कशावरून ओरडत होतो तेच विसरून बघत बसतो. कार्ट्याला हे कळलंय बहुतेक, हल्ली अभ्यासाचा विषय निघाला की भुवई आधीच वर असते. आणि धाकटी काहीही खायच्या आधी वास घेते. पोळी असो, पार्लेजी असो, नाकाशी नेणार, डोळे बारीक करणार, "हं" म्हणणार आणि मग घास. ती हुबेहूब असंच करायची. ती गेली तेव्हा ही दोन वर्षांचीही नव्हती, कुठून शिकली असेल? रक्तातच असणार, दुसरं काय, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

संध्याकाळी बंदरावर गेलो. हर्णैचा लिलाव ज्याने बघितला नाही त्याला काय सांगू, बोटी आत पाण्यात उभ्या आणि तिथून मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात, बैल पोटापर्यंत पाण्यात आणि चेहऱ्यावर रोजचं ऑफिस असल्यासारखा कंटाळा. वाळूवर कोळंबी, सुरमई, पापलेट यांचे ढीग, भोवती गोल करून बायका, आणि बोली एवढ्या झपाट्याने की मला शेवटचा आकडाच कळायचा. धाकटी एका टोपलीपाशी उकिडवी बसली, बांगड्याशी नाक नेलं, "हं." टोपलीवालीला हसू आवरेना, "काय गो, ताजा हाय ना?" माझ्या घशात आवंढा, आणि मी उगाच समोर सुवर्णदुर्गाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच किल्ल्यावर गेलो. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांतला हा एक, पण आम्ही उतरलो गुडघाभर पाण्यातच, चपला हातात घेऊन. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या भिंतीत मारुती. माझ्याकडे तिचा या कासवाशेजारचा फोटो आहे, हातात चपला, मान तिरकी. तसाच धाकटीचा काढायचा हे पुण्यापासून ठरवून आलो होतो. मान अशी कर, चपला अशा धर, इकडे नाही तिकडे बघ. दोन मिनिटं तिने ऐकलं. मग म्हणाली, "मला नाही असं," आणि सरळ कासवाशेजारी पोटावर पालथी पडून हातपाय पसरले. थोरला म्हणाला, "बाबा, ती कासव आहे आत्ता." काढला मग तसाच.

किल्ल्यावरून आल्यावर मुरुडला गेलो. हे आपलं दापोलीतलं, जंजिऱ्याचं नव्हे. गावात महर्षी कर्व्यांचा पुतळा आहे. थोरल्याला शाळेतलं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं, 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि याच गावाने त्यांना वाळीत टाकलं वगैरे. माझ्या डोक्यात भलतंच. 1891 मध्ये कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. नऊ! त्याच्यात त्यांना राधाबाई दिसत असतील का, जेवताना, झोपलेला असताना? मला नातेवाईक "दुसरं बघ आता" म्हणतात तेव्हा यातलं काही त्यांना सांगता येत नाही, मी आपला चहा कितीला पडला वगैरे विचारतो.

रात्री मावशींनी बांगडे तळले, तांदळाची भाकरी, सोलकढी. धाकटीने वाटी उचलली, नाकाशी नेली, "हं." मी मावशींना म्हटलं, बघा, अगदी आईवर गेलीय.

मावशी भाकरी थापता थापता थांबल्या.

"तिच्यावर? अहो तिला कुठला वास येतोय, बारा महिने सर्दी. आमटी आंबली तरी कळायचं नाही तिला. हे तुमचं, जावईबापू. लग्नाआधी पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या सोलकढीचा वास घेऊन हं म्हणालात, मी म्हटलं हे काय ध्यान. तुम्ही गेल्यावर तिने या इथे, ओट्याशी उभं राहून तुमची नक्कल करून दाखवली. पोट दुखेपर्यंत हसलो हो आम्ही. मग ती खोडच लागली तिला."

नऊ वर्षं ती माझ्यासमोर माझी नक्कल करत होती आणि मला पत्ता नाही. दूध, दही, कालची भाजी, सगळं माझ्या नाकासमोर धरून "बघ रे जरा" म्हणायची तेही तेव्हाच आठवलं.

सोलकढी समोर होती. हात आपोआप वाटीकडे गेला, वाटी नाकाकडे. समोर धाकटीची दुसरी वाटी तिच्या नाकाशी. थोरला भाकरी तोडता तोडता थांबून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता, डावी भुवई वर.