निसर्गचा उतार: जुना आलेख रद्द, आता मातीकडे

निसर्ग चक्रीवादळ जमिनीवर आल्यावर त्याचा वेग कसा उतरला, याचा मागच्या नोंदीतला आलेख कृपया वापरू नका. तो जुळला होता, पण चुकीच्या कारणाने.

जमिनीवर आलेल्या वादळाचा वारा कसा उतरतो ते काप्लान-डिमारिया सूत्र सांगतं. त्यातला तळाचा वेग, म्हणजे वारा उतरत उतरत ज्याच्याकडे जातो तो, 26.7. हा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) आहे. बाकी सगळं मी किलोमीटरमध्ये भरलं आणि हा एक आकडा तसाच राहून गेला. त्यामुळे 3 जून 2020 ला दुपारी एक वाजता श्रीवर्धन-दिवेआगरजवळ ताशी 110 किमीने सोडलेलं वादळ मध्यरात्री 52 वर आलं. चक्रीवादळाच्या लगेच खालची पायरी म्हणजे डीप डिप्रेशन, तिची हद्द 51 ते 61, आणि निसर्ग मध्यरात्रीपर्यंत खरोखरच त्या पायरीवर उतरलं होतं. परवा 26.7 चे 49.4 केले आणि उत्तर आलं 67. म्हणजे सूत्राच्या हिशेबाने ते अजून चक्रीवादळच!

दोन रात्री यातच गेल्या. पहिला संशय घर्षणावर. नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे सह्याद्री, म्हणून किनाऱ्यावरच सूत्रातल्या 10 टक्क्यांऐवजी 20 टक्के वेग कापून पाहिला. तरी 63. मग 20 टक्के परत 10 केले आणि अल्फा (वेग किती झपाट्याने उतरतो ते ठरवणारा सूत्रातला आकडा) 0.095 वरून 0.18 वर नेला, तेव्हा कुठे 56 आलं. म्हणजे अल्फा जवळजवळ दुप्पट.

इथे माझं मत बदललं. घर्षणाने जमिनीलगतचा वारा लगेच पडतो हे खरं, पण तेच घर्षण हवेला केंद्राकडेही ओढतं. वादळ मरतं ते इंधन तुटल्यामुळे. समुद्रावर वाफ मिळत राहते, ढगांत तिचं पाणी होताना ती सुप्त उष्णता सोडते आणि केंद्रातला दाब खाली राहतो. जमीन कितीही तापलेली असो, वरच्या काही सेंटिमीटरांतली ऊब लवकर संपते. समुद्राचं तसं नाही. तिथे पाणी घुसळलं जातं आणि पार काही दहा मीटर खोलीपर्यंतची उष्णता कामी येते. हे सूत्र अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हरिकेन्सवरून बसवलेलं आहे. उन्हाळाभर तापलेलं, मान्सूनपूर्व कोरडं दख्खन त्यात कुठून येणार?

उलट उदाहरण गुलाब चक्रीवादळाचं. 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडला, तेलंगण-मराठवाड्यावरून अवशेष गुजरातकडे गेले आणि अरबी समुद्रात शाहीन नावाचं नवं चक्रीवादळ होऊन ओमानला धडकले. खाली पावसाळाभर भिजलेली जमीन होती, म्हणजे वाफ तिथूनही मिळत राहिली असावी.

सह्याद्रीसाठी सूत्रात वेगळं पद लिहायला घेतलं होतं, ते तूर्त बाजूला. आधी अल्फा मातीच्या ओलीवर बसवतो. काल तीन सारख्या पराती घेतल्या: पाणी, चिंब लाल माती, कोरडी लाल माती. टेबलफॅन समोर, दर अर्ध्या तासाला किचनच्या डिजिटल काट्यावर वजन. पहिले दोन तास चिंब मातीचं वजन पाण्याच्या परातीच्या बरोबरीने उतरलं! मग वरचा थर फिका पडला, बोटाला कोरडा लागला, आणि उतार मंदावला. खाली बोट खुपसलं तर चिखल तसाच. हे पाहून फार आनंद झाला.

स्प्रेडशीट मात्र सोडली. पायथनमध्ये प्रत्येक आकड्याला एकक चिकटवता येतं; ज्यांचे आकडे नॉट आणि किमी दोन्हींत येतात त्यांनी तेच वापरावं.

लिहिता लिहिता सुचलं: काळी माती ओल जास्त धरते, आणि गुलाबच्या वाटेवर तीच जास्त. रविवारी सोलापूरहून एक पिशवी येतेय. तिची परात लावल्याशिवाय अल्फाला हात लावत नाही.