लसीकरण सत्र आणि मोबाइलमधील अफवा

आज आमच्या भागातील अंगणवाडीत गोवर-रुबेला लसीकरणाच्या सत्राला आशाताईंसोबत, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकेसोबत, थांबलो होतो. या लसीमुळे मुलांना पुढे अपत्य होत नाही, असा व्हॉट्सॲपवरील संदेश एका आईने काळजीने दाखवला. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मोहीम सुरू झाली, तेव्हाही अशाच अफवा पसरल्या होत्या. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडीत गोवराने बालकांचे बळी घेतले. त्यामागे कोविडकाळात खंडित झालेले लसीकरण आणि दाट वस्ती ही मोठी कारणे होतीच, परंतु पालकांच्या मनातील भीतीही दुर्लक्षण्याजोगी नव्हती.

एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲपने वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले, आणि ते योग्यच आहे. मात्र नात्यातल्या माणसाकडून आलेल्या मजकुरावरचा विश्वास त्याने कमी होत नाही. ताईंनी त्या आईला न रागावता शांतपणे सगळे समजावले आणि तिच्याच गटासाठी स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवले. हे काम आज त्या स्वतःच्या मोबाइलवरून, स्वखर्चाने करतात. सत्राच्या बारीकसारीक नियोजनात लस थंड ठेवणाऱ्या शीतपेटीइतकीच या कामाचीही तरतूद असायला हवी, असे मला मनापासून वाटते.