लक्सरच्या देवळातले अधांतरी दार

मुंबईच्या चोरबाजारात, एका सुट्या झालेल्या अल्बमच्या पानावर चिकटवलेले तपकिरी छायाचित्र मला मिळाले होते. त्यात निम्म्याहून अधिक मातीत गाडलेले प्रचंड खांब होते आणि तळाशी ‘ए. बियातो’ अशी सही होती. या हिवाळ्यात ते वहीत जपून घेऊन मी इजिप्तमधील लक्सरला गेलो.

छायाचित्रकार अंतोनियो बियातो १८५८ मध्ये कोलकात्यात होता. तेथून तो कैरोला आणि १८६२ च्या सुमारास लक्सरला गेला आणि १९०६ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. थॉमस कुकने १८६९ मध्ये आपली पहिली इजिप्त सहल नेली, आणि पुढे हिवाळ्यामागून हिवाळे नाइलमधून येणाऱ्या इंग्रज प्रवाशांना घरी नेण्याजोगी आठवण हवी असे. बियातो ती विकत असे. काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची, हे सारे तिथल्या उन्हात करायचे म्हणजे केवढी घाई! मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हातच छाप उमटवीत.

देवळाच्या पहिल्या चौकात उभा राहून मी छायाचित्र समोर धरले. खांब तेच, पण आज त्यांचे पायथे माझ्या पावलांपाशी होते. वर पाहिले तर देवळातच उभ्या असलेल्या अबू अल-हज्जाज मशिदीचे जुने दार भिंतीत कित्येक मीटर उंचीवर अधांतरी उरलेले दिसले. एके काळी लक्सरची जमीन त्या उंबऱ्याशी होती. खांबांमध्ये घरे होती, आणि ब्रिटिश सरकारचा तिथला प्रतिनिधी मुस्तफा आगा याचेही घर तिथेच होते. १८८५ च्या सुमारास फ्रेंच पुरातत्त्वज्ञ गास्तों मास्पेरोच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झाले, तेव्हा देऊळ मोकळे करण्यासाठी ही वस्ती हटवण्यात आली.

त्या काळच्या छायाचित्रांत गावचा माणूस बहुधा खांबाची उंची कळावी एवढ्यासाठीच उभा केलेला असतो, आणि हे मला फार खटकते. माझ्या छायाचित्रातही असा एक जण आहे. पण त्याच्या मागे, कडेला, विटांच्या भिंतीचा एक तुकडा आणि तिला टेकवलेली शिडी आहे. प्रवाशाला विकताना त्या भिंतीचा विचार कोणी केला नसेल. आज मात्र इथे कोणी राहत होते हे माझ्या हातात तेवढ्यावरूनच दिसत होते.

मी ती भिंत कुठे असेल ते शोधू लागलो. खांबांच्या अंतरावरून अंदाज बांधत जागा सापडली, तेव्हा तिथे नुसती फरसबंदी होती. इतक्यात दुपारची बांग झाली आणि देवळाच्या बाहेरून, पूर्वेकडच्या उंच रस्त्याने, लोक मशिदीत जाऊ लागले.