पालकांची सही

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा पाचवी ते दहावीची माझी सहा प्रगतिपुस्तके समोर ठेवली. गुणांविषयी सांगण्यासारखे त्यांत फारसे नाही. ‘पालकांची सही’ या रकान्यात सातवीपर्यंत वडिलांची सही आहे, आठवीपासून आईची.

मी पाचवीत असताना, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांबरोबर माझे वडीलही घरी बसले. आई आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवीत असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे तिच्यासारख्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले होते, आणि त्या आधारावर तिचे चौदा मेंबर जेवत होते. संपात त्यांचेही पगार थांबले. तरी जो गावी गेला नाही त्याचे ताट तिने बंद केले नाही. उधारीची वही मीच लिहीत असे आणि त्या वहीतली बरीचशी पाने आजही वसूल व्हायची आहेत. हा शहाणपणा होता की भाबडेपणा, यावर आम्हा भावंडांत अजून वाद होतो.

१९८४ च्या श्रावणात वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी हृदयविकाराने गेले. तेरावा उरकून आई एसटीने मुंबईला परतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्टोव्ह पेटवला, कारण उरलेल्या पाच मेंबरांपैकी दोघांना सकाळची पाळी होती.

त्याच वर्षी तिचे हात सुजू लागले. सकाळी मूठ मिटत नसे, बोटे सुटी व्हायला दीड-दोन तास लागत. आधी आम्ही ते पाण्यातल्या कामावर ढकलले. संधिवात आहे, आणि तो जन्मभराचा आहे, हे केईएमच्या ओपीडीत कळायला वर्ष गेले. ती पहाटे चारला उठून कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसे आणि मग बोटांऐवजी मनगटाने कणीक तिंबे. लोक तिला ‘धीराची बाई’ म्हणत. मला तो शब्द तितकासा पटत नाही, कारण रात्री उशीत तोंड खुपसून ती कण्हत असे त्याला त्या शब्दात जागाच नाही.

नववीच्या सहामाहीनंतर वर्गशिक्षकांनी माझे प्रगतिपुस्तक उघडून ठेवले आणि सही मी केली आहे का, असे सर्वांसमोर विचारले. आठवीच्या पहिल्या सहीत आईची चौथीपर्यंत गिरवलेली गोल, सुटी अक्षरे होती. या सहीत नावातला काना खालच्या ओळीपर्यंत घसरला होता. त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हे आज मान्य करतो. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन ताटावर बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई शाळेत आली. हात पदराखाली झाकलेले होते. सरांनी खुर्ची दिली तरी ती बसली नाही. “सही माझीच हाय, सर. हात ऐकत न्हाई,” एवढेच म्हणून तिने त्यांचे पेन मागितले, ते उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून डाव्या हाताने वरून दाबले आणि जुन्या सहीखाली पुन्हा एक सही केली. शिरोरेषा ओढायला तिला बराच वेळ लागला. सर तोवर उभे होते. नंतर त्यांनी वर्गासमोर माझी माफी मागितली.

दहावीच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावाचे पहिले अक्षर आणि पुढे एक रेघ एवढेच आहे.

पुढे मी नोकरीला लागलो, खानावळ बंद झाली आणि नव्वदच्या दशकात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्यावर सूज उतरली. वाकडी झालेली बोटे तशीच राहिली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून गोळी घेतली की कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत गोल करायचा, असे आम्ही ठरवले होते. तो गोल तिला कधीच पुरता जुळवता येत नसे. सुनेने पेन घेतले तर ती ते काढून घेई.