पितळी स्टोव्हची टाकी : गळती सापडली, पण डाखात नव्हे

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे या टाकीने रात्रभर दाब धरला होता आणि पावसाळ्यापूर्वी स्टोव्ह पेटेल अशी माझी खात्री होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भरलेला दाब १० मिनिटांत उतरू लागला. चामड्याचा वायसर नवा घालून तेलात मुरवला (रबरी वायसर मी आता वापरत नाही, तो केरोसीनने फुगतो), पंपाचा व्हॉल्व्ह उघडून साफ केला, हवेची चावी बदलली. फरक पडला नाही. अखेर बर्नरचे तोंड बंद करून टाकी पाण्यात बुडवली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली, तेव्हा बुडबुड्यांची बारीक माळ बुडाच्या जुन्या डाखातून नव्हे, तर खांद्यावरच्या धडधाकट दिसणाऱ्या पत्र्यातून निघाली. भिंगाखाली तिथे केसासारख्या तीन उभ्या भेगा दिसल्या.

पायांच्या लोखंडाचे दुखणे उघड असते: पितळेला टेकते तिथे, ओल असेल तर, लोखंडच आधी झिजते आणि गंज फुगून वर येतो. पितळ असे काही दाखवत नाही. माझा पहिला संशय जस्त निघून जाण्याचा होता, कारण त्यात भांड्याचा आकार तसाच राहतो आणि आत तांब्याचा लालसर, ठिसूळ सांगाडा उरतो. चिंचेने घासल्यावर येणारी गुलाबी छटा निराळी; ती पॉलिशने जाते, जस्त गेल्याची लाली जात नाही. भेगांजवळ मी बारीक पॉलिश पेपर फिरवला तेव्हा खाली स्वच्छ पिवळे पितळ निघाले, पत्राही कुठे पातळ झालेला नव्हता. मात्र भेगांच्या कडेला पुसट निळी झाक होती, आणि त्या निळ्या रंगाने मला फेब्रुवारीतल्या कामाची आठवण करून दिली.

तेल भरण्याच्या तोंडाची कडी तेव्हा मी नवसागर लावून डाखाने बसवली होती आणि नंतर नुसती फडक्याने पुसली होती. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याचा अंश ओलसर हवेत अमोनिया पुरवत राहतो, आणि साच्यात दाबून घडवलेल्या टाकीच्या पत्र्यात घडणीचा ताण अडकलेला असतोच. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमांवरून तडकते. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत, कारण घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटत असे. त्याचा उलगडा १९२१ साली झाला.

खात्रीसाठी एका मोडीत निघालेल्या टाकीच्या खांद्याचे दोन तुकडे कापले. एक, अडकलेला ताण निघावा म्हणून, २५० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही अमोनियाच्या वाटीसोबत बंद बरणीत टांगले. दुसऱ्या दिवशी न तापवलेल्या तुकड्याला आरपार भेग पडली होती. तापवलेला फक्त काळवंडला होता. इतक्या दिवसांच्या अंधारात चाचपडण्यानंतर ती भेग पाहून मला मनापासून आनंद झाला.

आता माझ्याकडची दुसरी, अजून न तडकलेली टाकी ओव्हनमध्ये ठेवण्याचा विचार होता, पण हे लिहितानाच लक्षात आले की कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपासच पाघळू लागतो, म्हणजे ताण निघण्याआधी बूड सुटेल. त्यामुळे क्रम उलटा करणार आहे: आधी जुना डाख पूर्ण काढायचा, मग सुटी टाकी तापवायची आणि शेवटी नवसागराऐवजी राळ वापरून ती जोडायची. तापवल्याने पडलेली भेग मिटत नाही, म्हणून पहिली टाकी यापुढे फक्त मांडणीत राहील. दाबाखालच्या केरोसीनच्या टाकीवर चांदीच्या डाखाचे ठिगळही मला पुरेसे वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांनी नवसागराने काम केले असेल त्यांनी टाकी कढत पाण्याने दोन-तीनदा धुऊन, पूर्ण वाळवून, खांदा भिंगाखाली जरूर पाहावा.

दुसऱ्या टाकीचे बूड काल सुटले. आतून ती लख्ख आहे.